साहेबांचं दही आणि मावशींचा वळू

माझं काम नेमकं काय, हे मी सासरी बरेच दिवस नीट सांगितलंच नव्हतं. "लॅबमध्ये आहे," एवढंच. लग्न ठरवताना वडिलांनीही तेवढंच सांगितलेलं. कोणी खोदून विचारलं, कसली लॅब, तर "जनावरांची" म्हणायचं आणि चहा टाकायला उठायचं. बैलांचं वीर्य मायक्रोस्कोपखाली तपासते, हे सापगावला सासरच्या ओटीवर चार माणसांत कसं बोलायचं? नणंदेला कळलं तेव्हा ती तोंडाला ओढणी लावून हसत सुटली. सासूबाई मात्र भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "गाया गाभण राहतील का नाय ते बघायचं काम हाय, त्यात लाजायचं काय गो?" तेव्हापासून मी लाजत नाही. चिडते मात्र जवळजवळ रोज.

चिडायला कारण आहे. आमचं केंद्र मुरबाडच्या पुढे, म्हशाकडे जाणाऱ्या रस्त्याला. एका संस्थेचं आहे, नाव सांगत नाही. गावागावांतले वळू तिथं तपासायला येतात. वळू म्हणजे गायींसाठी राखलेला, न बडवलेला बैल. त्याचा नमुना घ्यायचा, थेंबभर काचेवर टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं, शुक्रजंतू पळतात की नाही. पळाले तर वळू चांगला. नाही पळाले तर मालकाला तसं सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण हे जंतू फार नाजूक. काच गार असली की जागच्या जागी थिजतात. काचेवर साबणाचा अंश राहिला की मरतात. म्हणून काचा, झाकणकाचा, पातळ करायचं द्रावण, सगळं इन्क्युबेटरमध्ये अंगाच्या उबेला ठेवायचं. मायक्रोस्कोपखालीही एक गरम प्लेट असते, तिच्यावरच काच ठेवायची.

हे इन्क्युबेटर आणि ती प्लेट माझ्या ताब्यात. आठवड्याला सगळं रिकामं करायचं, जाळीचे कप्पे बाहेर काढून धुवायचे, आतून पातळ केलेल्या स्पिरिटनं पुसायचं, दार उघडं टाकून वास पूर्ण जाऊ द्यायचा, मग तळाच्या ताटलीत ताजं डिस्टिल्ड पाणी. दाराच्या रबराच्या खाचेत बुरशी धरते, तिथं कापूस गुंडाळलेली काडी फिरवायची. थर्मामीटर दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून बघायचा. प्लेटवर वाळलेला थेंब असेल तर नखानं खरवडायचा नाही, ओल्या मऊ कागदानं भिजवून उचलायचा. फिनाईल त्या खोलीत आणायचंच नाही, फरशीलासुद्धा नाही. हे मला शिकवलं कोणी? आमच्या साहेबांनीच. साहेब म्हणजे केंद्राचे जनावरांचे डॉक्टर. मी नवीन होते तेव्हा माझ्याशेजारी उभं राहून एकेक गोष्ट त्यांनी करून दाखवली होती. म्हणून तर माझा जास्त संताप होतो. ज्याला ठाऊक नाही त्याला माणूस सांगेल तरी. ठाऊक असून जो करतो त्याला काय सांगायचं?

कारण आमच्याकडे त्या इन्क्युबेटरला कोणी इन्क्युबेटर समजतच नाही. ते उबेचं कपाट. पावसाळ्यात त्यात मोजे वाळत घातलेले मी काढलेत. जेवणाचे डबे तर कितीदा काढले. भिजलेला मोबाइल एकदा काचांच्या डब्यावर ठेवलेला सापडला, आणि वर मलाच विचारणा, "अजून वाळला नाय का?" मी दारावर कागद चिकटवला, 'आत खाण्याच्या वस्तू ठेवू नयेत.' दुसऱ्या दिवशी आत संक्रांतीचे तिळाचे लाडू. मऊ राहतात म्हणे.

पण कळस केला तो दह्यानं. आमच्याकडे थंडीत दही लागत नाही. डोंगराचा गारठा खाली उतरतो आणि दूध सकाळपर्यंत तसंच्या तसं पातळ राहतं. कोणी पातेलं पिठाच्या डब्यात ठेवतं, कोणी शालीत गुंडाळतं, कोणी चुलीच्या कडेला. साहेब केंद्राच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहतात. त्यांना युक्ती सुचली. विरजण लावलेलं पातेलं संध्याकाळी इन्क्युबेटरमध्ये, सकाळी चमचा उभा राहील असं दही. पहिल्यांदा मला ते सापडलं तेव्हा मी पातेलं उचलून त्यांच्या टेबलावर नेऊन आदळलं. ते हसले. म्हणाले, "अहो मॅडम, दह्यातले जंतू चांगले असतात." जंतू कुठं चांगले आणि कुठं वाईट, याचं लेक्चर ज्यांच्याकडून ऐकलं तेच हे बोलत होते.

त्या जानेवारीत, म्हशाची जत्रा संपल्यावर, संस्थेचे पाहुणे मुंबईहून येणार होते. केंद्र बघणार, वळू कसा तपासतात ते बघणार आणि मग गावरान जेवण. आदल्या संध्याकाळी मी इन्क्युबेटर लख्ख करून, काचा मांडून, दार लावून घरी गेले.

सकाळी आले तर साहेबांनी हातात रांगोळीचा डबा दिला. "गेटपाशी काढा जरा, छानसं काहीतरी. आणि ओवाळायचं ताटही तुम्हीच धरा." मी म्हटलं, "साहेब, नमुना कोण बघणार?" तर म्हणाले, "आज मी बघतो. पाहुण्यांना टीव्हीवर दाखवायचं आहे." आमच्या मायक्रोस्कोपला कॅमेरा आहे, तो टीव्हीला जोडता येतो. केंद्रात बाई मी एकटीच, म्हणून रांगोळी माझी. मी डिप्लोमा केला तो ठिपके जोडायला का? पण बसले उकिडवी आणि काढायला लागले.

तेवढ्यात मावशी आल्या. मुरबाडच्या वरच्या अंगाला डोंगरात एक पाडा आहे, तिथल्या. वय माझ्या आईएवढं. मागं काळा, बुटका, मजबूत वळू. पाड्यापर्यंत गाडी जात नाही, म्हणून त्याला चालवतच आणला होता. रांगोळीवर त्याचा पाय पडू नये म्हणून त्यांनी त्याला लांबून वळवलं आणि माझ्याजवळ येऊन टेकल्या.

"पोरी, तूच बघणार ना याचं?" त्यांनी विचारलं.

मी विचारलं काय झालंय. यंदा पाड्यावरच्या काही गाया गाभण राहिल्या नव्हत्या. लोक म्हणायला लागले, वळू संपला. बसून ठरलं की केंद्रावर दाखवायचं आणि नापास झाला तर तिथंच बडवून आणायचं. म्हणजे चिमट्यानं नसा दाबून त्याचं वळूपण कायमचं संपवायचं, आणि मग तो औताचा बैल.

"याला काय नाय झालेलं," मावशी म्हणाल्या. "गायाच म्हाताऱ्या झाल्यात, त्याला हा काय करील? वासरू होता तवापासून माझ्या हातचं खातो. अख्ख्या पाड्याच्या गाया याच्यावर हायत. हा हाय म्हणून माझ्या दारात माणसं येतात गो, हंगामाला भात आणून घालतात. हा बडवला तर मला कोण विचारतंय? आणि एकदा बडवला का पुन्हा वळू होतो का?"

"नाही होत," मी म्हटलं.

"म्हणून सांगते, नीट बघ."

मी त्यांना सांगणार होते की आज मी नाही बघणार, पण गेटपाशी गाड्या आल्या. साहेब "ताट, ताट" करत धावले. मी हातावरची रांगोळी झटकली आणि ताट धरून उभी राहिले. पाहुण्यांना ओवाळलं, कुंकू लावलं, हसलेही. मागं आवारात साहेबांनी आणि आमच्या शिपाईकाकांनी वळूचा नमुना घेतला. मग सगळे लॅबमध्ये गेले. मी ताट ठेवून मागोमाग पोचले तेव्हा टीव्ही लागलेला होता.

चांगल्या वळूचा नमुना पडद्यावर कसा दिसतो ते मला झोपेतही सांगता येईल. सगळं उकळत असतं, भोवरे फिरतात, नजर ठरत नाही. त्या दिवशी पडद्यावर काहीच हलत नव्हतं. ताटात रवा सांडावा तसे सगळे पडलेले.

"सगळे मेलेले?" पाहुण्यांपैकी एकानं विचारलं.

साहेबांना तर बोलायला निमित्तच मिळालं. "हाच तर प्रश्न आहे. गावात असले वळू ठेवतात आणि मग म्हणतात गाया फळत नाहीत. म्हणून आम्ही सांगतो, आमच्याकडच्या वीर्याचं इंजेक्शन घ्या." मग दारात उभ्या मावशींकडे वळून ते म्हणाले, "बघितलंत ना मावशी? संपला तुमचा वळू."

मावशी पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांना त्यातलं काय कळलं असेल देव जाणे, पण 'मेलेले' कळलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पाड्यावर ठरलंय तसं करा."

आता नियम साधा आहे. एक नमुना वाईट आला तर दुसरा घ्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. एका थेंबावर कोणाचा वळू बडवत नाहीत. हेही साहेबांनीच शिकवलेलं. पण पाहुणे उभे होते, आणि चिमटा कसा चालतो हेही त्यांना दाखवायचं साहेबांनी आदल्या दिवशीच बोलून ठेवलं होतं. वळू आयताच मिळाला.

मी म्हटलं निदान स्वतः एकदा बघू. दुसरी काच घ्यायला इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि नाकात भपकारा घुसला. फिनाईल. तेही गुलाबाच्या वासाचं. काचांवर बोट फिरवलं तर चिकट, तेलकट.

"साहेब," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आत फिनाईल मारलंय. हा नमुना धरू नका."

ते हसले. पाहुण्यांसमोर हसतात तसं. "मॅडम, चहाचं बघा जरा. पाहुणे ताटकळलेत." आणि सगळ्यांना घेऊन आवारात निघाले. शिपाईकाका शेवटी होते. मी त्यांचा हात धरला. काका खाली मान घालून म्हणाले, "सकाळी मीच पुसलं, म्याडम. रात्री सायबांनी दह्याचं मोठं पातेलं ठेवलेलं, पाहुण्यांसाठी. ते कलंडलं. आंबट वास मारत होता. सायब बोलले, फिनाईल मार, पाहुणे यायच्या आत वास जायला पायजे. मी बोललो म्याडमना विचारू का, तर बोलले, तिला रांगोळी काढू दे." एवढं सांगून ते पळाले, कारण वळूला आडवा पाडायला त्यांनाच बोलावत होते.

म्हणजे साहेबांना ठाऊक होतं. पडद्यावर सगळे पडलेले दिसले तेव्हा त्यांच्या मनात फिनाईल आलंच नसेल, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. आलं असेल, आणि पाहुण्यांसमोर 'माझं दही सांडलं' म्हणण्यापेक्षा त्यांना वळू नापास झालेला परवडला.

मागं धावून भांडावं तर ऐकणार कोण? पुन्हा "चहा बघा" म्हणाले असते. म्हणून मी आधी नमुना बघायचं ठरवलं. नळीतला उरलेला नमुना वेगळ्या गरम पाण्याच्या भांड्यात होता, त्याला फिनाईल लागलं नव्हतं. भिंतीतल्या कपाटातून काचांचा कोरा डबा काढून फोडला, डिस्टिल्ड पाण्यानं काचा धुतल्या, पुसल्या. पण त्या गार. थंडीचे दिवस, हाताला झोंबत होत्या. इन्क्युबेटर तर बाद. मग आठवलं, चहा बघायला सांगितलंय ना मला? बाजूच्या खोलीत पातेल्यात चहा उकळत होता. पातेल्याच्या झाकणावर काचा ठेवल्या, बाळाचं दूध बघतात तशा मनगटाला लावून बघितल्या. जास्त गरम झाल्या, फुंकर घातली, पुन्हा लावून बघितल्या. हे सगळं करताना मी साहेबांना मोठमोठ्यानं शिव्या देत होते. कोणी ऐकलं असेल तर ऐकलं असेल. गरम प्लेट स्वच्छ ओल्या कागदानं पुसली, काच ठेवली, थेंब टाकला.

टीव्ही चालूच होता. पडदा भरून गेला. जत्रेत म्हशाच्या रस्त्यावर माणूस लोटतो तसे लोटत होते, एकमेकांना ढकलत, भोवरे करत. असा नमुना वर्षात फार थोडे वळू देतात.

आणि बाहेरून वळूचा आवाज आला. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको. मी तशीच धावले.

आवारात वळू दोरांनी बांधून पाडलेला. पाहुणे अर्ध्या गोलात उभे, दोघं मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. साहेब चिमटा एका बाजूचा काढून दुसऱ्या बाजूला लावायच्या बेतात होते. एका बाजूची नस दाबून झाली होती.

"थांबा," मी ओरडले. "थांबा, जिवंत आहेत सगळे!"

"मॅडम, नंतर बोलू."

"नंतर काय बोलायचं? नंतर काय उरणार आहे बोलायला?" मी जाऊन तो चिमटाच धरला. साहेबांच्या हातातून काहीतरी ओढून घेईन असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. त्यांनी सोडला, कारण पाहुणे बघत होते. काकांनी कोणाला न विचारता दोर ढिले केले.

पाहुणे पुन्हा लॅबमध्ये आले. पडदा बघून एकमेकांकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "काहीतरी तांत्रिक अडचण झाली असावी. होतं असं कधीकधी." तांत्रिक अडचण. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मावशी आत आल्या. या वेळी दारात थांबल्या नाहीत. त्यांच्या पायांना शेणमाती लागली होती, पण त्या सरळ पडद्याजवळ गेल्या आणि डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"हे माझ्या वळूचे?"

"हो मावशी. त्याचेच."

"हे तर जिते हायत गो."

"हो."

"मग मघाशी मेलेले दाखवले ते कोणाचे?"

"तेही त्याचेच."

"मग ते मेले कशानं?"

साहेब माझ्याकडे बघत होते, डोळ्यांनीच सांगत होते की आता पुरे. माझी नोकरी त्यांच्या सहीवर आहे, हे त्या बघण्यात होतं. आणि मावशीही माझ्याकडेच बघत होत्या.

"आमच्या साहेबांनी काचा ठेवायच्या उबेच्या कपाटात दही लावलं होतं, मावशी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "ते सांडलं म्हणून आत फिनाईल मारलं. त्या फिनाईलनं मेले. तुमच्या वळूत काहीच खोट नव्हती."

मला वाटलं मावशी आता शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या, मी तर वाटच बघत होते. पण त्या पुन्हा पडद्याकडेच बघायला लागल्या. साहेबांनी घसा साफ केला आणि बैठकीत बोलतात तशा आवाजात म्हणाले, "मावशी, एक बाजू शाबूत आहे. एका बाजूवरही वळू चालतो, घाबरू नका. आता सूज येईल, त्याला चालवू नका. आजची रात्र त्याला इथंच राहू द्या."

मावशींनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

"इथं?" त्या म्हणाल्या.

आणि बाहेर जाऊन त्यांनी वळूला उठवलं. तो मागचे पाय फाकवून, थांबत थांबत चालत होता. मावशी त्याच्या चालीनं चालत होत्या. गेटपर्यंत पोचायलाच त्यांना फार वेळ लागला, आणि पाडा तर डोंगरावर होता.